शेतबांधावरचा रात्रीचा डोळा : परवडणारा ट्रेल कॅमेरा कसा निवडावा?

केळीच्या बागेत पहाटे एक पाऊलखूण दिसते आणि दुपारपर्यंत गावभर ‘बिबट्या आला’ अशी वार्ता पसरते. मग रात्रीच्या पाळीची वीज आली तरी पाणी भरायला माणूस मिळत नाही, मुलांना एकटे शाळेत धाडायला आई धजावत नाही आणि एखादा घाबरलेला शेतकरी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो. अशा तारेने वन्यप्राणी मरतात, तशी माणसेही मरतात. ती खूण खरोखर कोणाची होती, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. त्याचे उत्तर पुराव्यानिशी देणारे एक साधन आता सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आले आहे. ते साधन म्हणजे ट्रेल कॅमेरा. वनखात्यात त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. आपले अनेक माजी विद्यार्थी आणि पालक शेतीवर अवलंबून आहेत. त्यांच्या उपयोगासाठी ही माहिती येथे देत आहे.

खानदेशात वन्यप्राणी दूर कोठेतरी राहतात असे नाही. उत्तरेस सातपुड्यात यावल अभयारण्य आहे. ते १९६९ साली घोषित झाले. शिरपूर तालुक्यात १९८६ पासूनचे अनेर धरण अभयारण्य आहे. दक्षिणेस चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरात गौताळा-औट्रमघाट अभयारण्य पसरले आहे. मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा वनक्षेत्रातले वाघ पूर्णाकाठच्या केळीबागांपर्यंत येतात. गर्द सावली, ओलावा आणि शांतता असलेली बाग जनावराला रानासारखीच वाटते. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि अंगावरील पट्टे जुळवून पाहता तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे निष्पन्न झाले. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत तर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे मिळवण्यात आली आणि या कामाची नोंद गिनीज बुकात झाली.

पाश्चात्त्य देशांत हरणांचा माग काढण्यासाठी शिकारी हा कॅमेरा वापरतात, म्हणून बाजारातील जाहिराती त्यांच्या सोयीच्या असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपला प्रश्न वेगळा आहे: रात्री शेतात कोण येते, किती वाजता येते आणि कोणत्या वाटेने येते? खरेदीपूर्वी हा प्रश्न मनाशी निश्चित करावा. तो निश्चित झाला की निम्मी निवड झालीच म्हणून समजा.

कॅमेऱ्याचे कार्य सोपे आहे. त्यातील संवेदक समोरच्या उष्णतेतील हालचाल ओळखतो आणि छायाचित्र घेतले जाते. जनावराचे अंग भोवतालापेक्षा उबदार असल्यामुळे हे शक्य होते. मात्र जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी जमीनच अंगाइतकी तापते आणि संवेदकाला फरक कळत नाही. उन्हाळ्यात दुपारची छायाचित्रे निघाली नाहीत, तर कॅमेरा बिघडला असे समजू नये. रात्री तो पुन्हा नीट काम करतो.

निवडताना पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे टिपण्याचा वेग. मी पहिला कॅमेरा मेगापिक्सेलचा मोठा आकडा पाहून घेतला. जनावर समोर आल्यावर तो सव्वा-दीड सेकंदाने जागा होई. पंधरा दिवसांत शेकडो छायाचित्रे निघाली, त्यांत गवत आणि एक शेपूट एवढेच दिसले. वाटेवर लावायचा कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या आत टिपणारा असावा. पाणवठ्यावर जनावर थांबते, तेथे मंद कॅमेराही चालतो. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. स्वस्त कॅमेऱ्यात मूळ संवेदक लहान असतो आणि सॉफ्टवेअर चित्र फुगवून दाखवते. विक्रेत्याकडे रात्रीच्या छायाचित्राचा नमुना मागावा.

दुसरी गोष्ट रात्रीच्या प्रकाशाची. ८५० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे दूरवर उजेड पाडतात, पण पेटताना फिकट लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे जवळजवळ अदृश्य असतात, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. जनावर बुजू नये आणि चोराचे लक्ष जाऊ नये, यासाठी बांधावर दुसरा प्रकार बरा. दोन्ही प्रकारांत रात्रीचे छायाचित्र कृष्णधवलच येते. आपल्या कामाला ते पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट चालू खर्चाची. साधे कॅमेरे पाच-सात हजार रुपयांच्या आसपास सुरू होतात, परंतु पेन्सिल सेल, मेमरी कार्ड आणि पट्टा यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. पुन्हा चार्ज होणारे सेल त्या कॅमेऱ्यात चालतात का, हे आधी विचारावे. ते चालत असतील तर वर्षाकाठी मोठी बचत होते. बत्तीस जीबीचे एक चांगले कार्ड पुरते. सिमकार्डवर छायाचित्र पाठवणारे महाग कॅमेरे मोहात पाडतात, पण डोंगरपायथ्याला नेटवर्कच नसेल तर ते पैसे वाया जातात. झाकणाची रबरी कड घट्ट आहे की नाही हे नीट पाहावे. पावसाळ्यात आत ओलावा शिरतो आणि मुंग्या घर करतात.

कॅमेरा कितीही चांगला असला तरी चुकीच्या जागी लावल्यास व्यर्थ ठरतो. तो गुडघ्याच्या उंचीवर, वाटेपासून तीन ते पाच मीटर अंतरावर बांधावा. संवेदकाला समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे जनावर लवकर कळते, म्हणून वाटेशी तिरका कोन ठेवावा. तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असावे, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात शिरत नाही. समोरचे गवत आणि लोंबती केळीची पाने छाटावीत, नाहीतर वाऱ्यानेच कार्ड भरते. तारीख व वेळ काळजीपूर्वक लावावी. अनेक कॅमेऱ्यांत महिना आधी आणि दिवस नंतर असतो.

काही मर्यादा पाळणे मात्र अत्यावश्यक आहे. कॅमेरा स्वतःच्या शेतातच लावावा. अभयारण्यात किंवा राखीव वनात वनखात्याच्या परवानगीवाचून लावू नये. सरपणाला किंवा आडोशाला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या वाटेवर तो मुळीच नसावा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. वाघ-बिबट्या टिपला गेला तर छायाचित्र ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नये. त्याने गर्दी जमते आणि शिकाऱ्यांना पत्ता मिळतो. ते छायाचित्र थेट वनपालाकडे न्यावे.

आता माझ्या दुसऱ्या कॅमेऱ्याविषयी. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या शेतात मोठ्या पंजाची खूण उमटली आणि वस्तीने ‘बिबट्या’ म्हणून ठरवून टाकले. मी कॅमेरा लावला. चौथ्या रात्री पावणेदोन वाजता एक तरस आडवे गेले. मग सकाळी खूण पुन्हा निरखून पाहिली, तर तिच्यात नखांचे ठसे होते; बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, तरसाला ती ओढता येत नाहीत. ते छायाचित्र पारावर सर्वांनी पाहिले. म्हाताऱ्यांनी मान डोलावली, पोरे हसली, आणि त्या रात्री दोघेजण कंदील घेऊन पाणी भरायला गेले. शेजाऱ्याने कुंपणासाठी आणलेली तार गुंडाळून ठेवली.

खरोखर बिबट्या निघाला असता, तरी हानी झाली नसती. मग गुरे बंदिस्त गोठ्यात बांधणे, रात्री एकट्याने न जाणे, वनखात्याला कळवणे, हे उपाय वेळीच करता आले असते. एकट्याला खर्च झेपत नसेल तर बांधाला बांध असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक कॅमेरा घ्यावा आणि तो पाळीपाळीने वापरावा. शाळेत शिकणाऱ्या मुलांकडे त्याची नोंदवही द्यावी: तारीख, वेळ, प्राणी. वर्षभराने त्या वहीत आपल्या शिवाराची रात्र लिहिलेली असेल. ज्या गावाला आपली रात्र ठाऊक आहे, ते गाव अंधाराला घाबरून तारेत वीज सोडत नाही.