थंडी आणि बँडचा सूर

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांत नाताळच्या दिवसांत गांवोगांवचे पितळी बँड उघड्या चौकांत नाताळगीतें वाजवितात. उबदार खोलींत जुळविलेले त्यांचे सूर बाहेरच्या थंडींत मात्र उतरूं लागतात. असें कां होतें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

फुंकून वाजविण्याच्या वाद्यांत स्वर उत्पन्न होतो तो नळींतील हवेच्या कंपनानें. २० अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. शून्य अंशावर सुमारें ३३१ मीटरच. वेग घटला कीं कंपनसंख्या घटते व स्वर उतरतो. नळींतील हवा इतकी निवली, तर हा उतार पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याहून अधिक भरतो. वादकाचा ऊन श्वास त्यास सांवरतो. परंतु वादन थांबतांच वाद्य पुनः निवतें. शिवाय श्वासांतील बाष्पाचें पाणी होऊन तें गोठलें, तर झडपा अडकतात.

यास्तव जाणते वादक बाहेर आल्यावर पुनः सूर जुळवितात आणि विसाव्याच्या वेळींही वाद्यांत हलकेच ऊन श्वास सोडीत राहतात. सर्वांचीं वाद्यें सारखीं निवत नाहींत; म्हणून प्रत्येकानें शेजाऱ्याचा सूर ऐकून आपला सांभाळावा लागतो. मुलांनो, समूहवादनाचें खरें शिक्षण हेंच होय, असें आम्हांस वाटतें.