उमेदवाराचा दिवस

सकाळी ७.१५
बाहेर उणे बारा. अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या आमच्या विद्यापीठात हा मुलाखतींचा हंगाम. मानसशास्त्र विभागाला मानवी कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्ससाठी सहायक प्राध्यापक हवा आहे. अर्जांच्या ढिगातून तिघांना प्रत्यक्ष बोलावलंय, आज पहिली. निवड समितीत मी सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला हॉटेलवरून आणायचं काम माझ्याकडे.

८.००
नाश्ता. लग्न, मुलंबाळं, नवऱ्याची नोकरी, वय यांतलं काही विचारायचं नाही, अशी एचआरची सक्त ताकीद. माझं लहानपण साताऱ्यातलं. तिथे पाहुणीचा चहा गाळून होईपर्यंत हे चारही प्रश्न विचारून झालेले असतात. इथे आम्ही बर्फावर पाऊण तास काढतो.

९.००
दर अर्ध्या तासाला एक प्राध्यापक. चार खोल्यांत चार वेळा तेच आत्मवृत्त. शेवटच्या खोलीतून ती बाहेर येते तेव्हा हातात सकाळचीच कॉफी, गार झालेली.

११.००
तीन टेस्लाचा एमआरआय स्कॅनर. किल्ल्या, फोन, केसांतला चाप, सगळं बाहेर ठेवायचं; स्कॅन चालू नसलं तरी चुंबक चालूच असतं. संचालक मशीनचं कौतुक सांगत असतात. ती मात्र कोपऱ्यात बसलेल्या तंत्रज्ञाला विचारते, ‘आतला माणूस घाबरला तर तुम्ही काय करता?’ तो खुर्ची फिरवतो. हातात रबरी फुगा दिलेला असतो, तो दाबला की इकडे घंटा वाजते, तो सांगतो. पण लोक फुगा दाबायला लाजतात. म्हणून दर थोड्या वेळाने तो स्वतःच ‘ठीक आहात ना?’ असं विचारतो. ती वहीत टिपून घेते.

१२.३०
विद्यार्थ्यांबरोबर जेवण. प्राध्यापकांना मज्जाव. रात्री-बेरात्री ईमेल टाकता का, पेपरवर पहिलं नाव कोणाचं, हे खरे प्रश्न इथे विचारले जातात.

२.००
जॉब टॉक. पन्नास मिनिटं भाषण, मग प्रश्न. तिचा विषय शब्दांचा अर्थ. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवलं, की वाक्याच्या शेवटी विसंगत शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ईईजीच्या आलेखात एक ऋण लाट उमटते. ‘गरम भातावर तिने मोजे वाढले’ हे वाचताना ‘मोजे’पाशी तुम्हीही अडखळलात, तीच ती. नाव एन-४००.

मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ प्राध्यापक मेलेल्या सामन माशाची आठवण काढतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी असा मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’ होते. हजारो तुलनांसाठी लागणारी सांख्यिकीय दुरुस्ती वगळली, तर त्याच्या मेंदूतही हालचाल दिसत होती. ‘तुमचा निकाल सामन नाही कशावरून?’ सभागृह हसतं. ती एक स्लाइड उघडते. ‘पहिल्या प्रयोगात परिणाम मिळाला. जास्त माणसं घेऊन पुन्हा केला, तेव्हा नाही मिळाला. म्हणून तो दावा मी मागे घेतला.’ हसू थांबतं.

४.००
चॉक टॉक. स्लाइड नाहीत, फक्त फळा. पुढची पाच वर्षं काय करणार, अनुदान कुठून आणणार? दुसऱ्या वाक्यालाच कोणीतरी अडवतं. अडवायचं असतंच.

५.१५
डीनची भेट. इथे विषय पैशाचा: प्रयोगशाळा उभारायला किती, स्कॅनरचे तास किती. स्कॅनरचं भाडं ताशी असतं आणि टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम होण्याचा, निकाल साधारण सहाव्या वर्षी. त्यामुळे सुरुवातीचे तास कमी मागितले, तर पुढे ते फार महाग पडतात.

६.३०
जेवण, म्हणजे मुलाखतच, फक्त समोर ताट. ती घास उचलते तेवढ्यात प्रश्न येतो. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर मी म्हणते, ‘आधी खाऊ द्या तिला.’

९.३०
तिला हॉटेलवर सोडून अभिप्रायाचा फॉर्म उघडते. संशोधन, अध्यापन, अनुदानाची शक्यता, प्रत्येकाला रकाना. एका दिवसाच्या ओळखीवर आम्ही कदाचित तीस वर्षांचा शेजार निवडतोय. भाषण कसं झालं ते सगळेच लिहितील. मी ‘इतर’मध्ये दोन ओळी लिहिते: फसलेला प्रयोग स्वतःहून दाखवला. घाबरलेल्या माणसाचं काय, हे तंत्रज्ञाला विचारलं.

तंत्रज्ञाला हा फॉर्म पाठवत नाहीत. पुढच्या बैठकीत तो मुद्दा मी मांडणार आहे.