माझदा : हिरोशिमाची हट्टी गाडी

जपानी गाडी म्हटली की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. किल्ली फिरवली की गाडी सुरू. वर्षाकाठी एकदोनदा सर्व्हिसिंग करा आणि बाकी विसरून जा. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गालाही हीच सवय लागली.

पण त्याच जपानमध्ये एक कंपनी अशीही आहे की तिच्या काही गाड्यांचे मालक डिकीत तेलाचा डबा टाकल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघत नाहीत. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना बॉनेट उघडून तेलाची पातळी पाहतात. गाडी गॅरेजमधून काढून अंगणात धुवायची आणि लगेच परत आत लावायची, एवढ्यासाठी ती सुरू करायलाही ते धजत नाहीत. एवढे सोसून गाडी विकायची का असे कुणी विचारले, तर नकारार्थी मान हलवतात.

ही कंपनी म्हणजे माझदा. आपल्याला हे नाव ओळखीचे आहे ते मोटारींमुळे नव्हे. पंजाब ट्रॅक्टर्सबरोबर १९८०च्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वराज माझदा’च्या छोट्या मालमोटारी आणि शाळांच्या बस आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावल्या. २०११ मध्ये त्या कंपनीने नाव बदलून ‘एसएमएल इसुझू’ केले आणि माझदा हा शब्द तिथून गेला. माझदाच्या मोटारी मात्र भारतात कधी विकायलाच आल्या नाहीत. मुंबईच्या पारशी कुटुंबांना या नावाची आणखी एक ओळख पटेल. संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाशी जुळणारे हे नाव कंपनीने पारशांच्या अहुर मज्द या देवावरून घेतले, असे कंपनीच सांगते.

बुचांपासून तीनचाकीपर्यंत

मात्सुदा मच्छीमाराच्या घरात जन्मले. हिरोशिमात १९२० मध्ये स्थापन झालेली ही कंपनी सुरुवातीला कॉर्क म्हणजे बुचाचे लाकूड तयार करीत असे. पुढे ती यंत्रांकडे वळली आणि १९३१ मध्ये तिने तीन चाकांची मालगाडी बाजारात आणली. पुण्याच्या बजाज टेम्पोची जुनी तीनचाकी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ती कशी असेल याची कल्पना येईल.

६ ऑगस्ट १९४५ हा मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस. त्या सकाळी ते लवकर उठून केस कापायला गेले होते. काम आटोपून ते मोटारीतून निघाले आणि थोड्याच वेळात शहरावर अणुबॉम्ब पडला. ते वाचले. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी होती. त्यामुळे इमारती उभ्या राहिल्या. जखमींना तिथेच आणले गेले, प्रांताचे सरकारी कार्यालयही काही काळ तिथूनच चालले. आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, तिथून पुन्हा तीनचाकी गाड्या बाहेर पडू लागल्या. माझदा आणि हिरोशिमा यांचे नाते साध्या कारखाना आणि गावाचे नाही ते यामुळे. पुढे कंपनीवर संकटे आली तेव्हा हे नाते कामाला आले.

१९६० मध्ये कंपनीची पहिली मोटार आली, ‘आर ३६०’. किंमत तीन लाख येन, सामान्य माणसाला परवडेल अशी. सगळे ठीक चालले असताना तोक्योहून एक वावडी आली, आणि ती खरीच होती. जपानच्या उद्योग खात्याला देशात मोटारी बनवणाऱ्या इतक्या कंपन्या नको होत्या. मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या गटांत छोट्यांनी विलीन व्हावे असा त्यांचा बेत होता. जुजिरोंनंतर सूत्रे हाती घेतलेल्या त्सुनेजी मात्सुदांनी ओळखले की दुसऱ्या कुणाकडे नाही असे काही आपल्याकडे असेल, तरच आपण टिकू. ते जर्मनीला गेले आणि १९६१ मध्ये एनएसयू या कंपनीकडून एका विचित्र इंजिनाचे हक्क घेऊन आले.

मुसळ आणि जाते

हे इंजिन फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाचे. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, उखळातल्या मुसळासारखा वरखाली होतो. वर गेला की थांबायचे, उलट फिरायचे, खाली गेला की पुन्हा थांबायचे. या थांबण्या-फिरण्यातूनच धक्के निर्माण होतात. वँकेलच्या इंजिनात मुसळ नाहीच, जाते आहे. बाजू किंचित फुगलेला एक त्रिकोणी तुकडा, म्हणजे रोटर, भुईमुगाच्या शेंगेसारख्या मध्ये आवळलेल्या पोकळीत गोल गोल फिरतो. त्याच्या तीन बाजूंना पेट्रोल आणि हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही कामे एकापाठोपाठ चालू राहतात. झडपा नाहीत, सुटे भाग कमी, आकार लहान, आणि चाल लोण्यासारखी.

कागदावर इतके सुंदर इंजिन दुसरे नसेल. जनरल मोटर्सपासून टोयोटापर्यंत अनेकांनी त्याचे हक्क घेऊन ठेवले होते. पण त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर एकेक पट्टी बसवावी लागते, तीच हवा अडवते. ती सतत पोकळीच्या भिंतीवर घासत जाते, आणि सगळे दुखणे तिथे आहे. माझदाच्या कारखान्यात पहिली इंजिने चालवून पाहिली तेव्हा आतल्या चकचकीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठले. कामगारांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव ठेवले. शिवाय पांढरा धूर निघे तो वेगळाच.

१९६३ मध्ये केनिची यामामोतो या इंजिनिअरच्या हाताखाली ४७ जणांचा एक विभाग उभा राहिला. आपल्या मालकाच्या अपमानाचा सूड घेणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानमध्ये घरोघरी सांगितली जाते. साहजिकच हे नाव या तुकडीला चिकटले. यामामोतो तोक्यो विद्यापीठाचे पदवीधर होते, पण युद्धानंतरच्या पडझडीत याच कारखान्यात साधे जोडणीचे काम करण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. या मंडळींनी पट्ट्यांचे निरनिराळे आकार आणि पदार्थ वापरून पाहिले. अखेर कार्बनमध्ये ॲल्युमिनिअम मुरवून केलेली पट्टी टिकली. मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. किंमत १४ लाख ८० हजार येन, म्हणजे पहिल्या मोटारीच्या जवळपास पाचपट. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या ८४ तास चालणाऱ्या शर्यतीत कंपनीने दोन कॉस्मो उतरवल्या. एक चौथी आली. दुसरी शेवटच्या टप्प्यात बंद पडली, पण तीही इंजिनामुळे नव्हे, आसामुळे.

गंमत म्हणजे ज्या एनएसयूने हे इंजिन विकले, तिला मात्र त्याने बुडवले. तिच्या ‘रो ८०’ या गाडीची इंजिने इतकी खराब झाली की ग्राहकांना ती बदलून देता देता कंपनीचे कंबरडे मोडले आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पोटात गेली.

पेट्रोलने दिलेला दणका

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या आरंभी माझदा जोरात चालली. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि नेमके त्याच सुमारास अमेरिकी सरकारच्या चाचणीत रोटरी गाड्या शहरात लिटरला जेमतेम साडेचार-पाच किलोमीटर धावतात असे जाहीर झाले. एका वर्षात अमेरिकेतली विक्री जवळपास निम्म्यावर आली. न विकलेल्या गाड्यांचे ढीग साचले. कंपनी बुडते की काय, अशी वेळ आली.

सुमितोमो बँकेने आपली माणसे पाठवून कारभार हाती घेतला. पण या काळातली मन हलवणारी गोष्ट बँकेची नाही. कामगारांना घरी बसवण्याऐवजी कंपनीने हजारोंना गाड्या विकायला धाडले. कालपर्यंत नटबोल्ट आवळणारी माणसे परक्या शहरांत दारोदार फिरून ‘आमची गाडी घ्या’ असे सांगू लागली. आणि त्यांनी गाड्या विकल्या! योगायोग असा की १९७५ मध्ये, ऐन अडचणीच्या काळात, हिरोशिमाच्या ‘तोयो कार्प’ या बेसबॉल संघाने पहिल्यांदाच आपल्या साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. या संघाच्या नावातले ‘तोयो’ हे कंपनीच्याच तेव्हाच्या ‘तोयो कोग्यो’ या नावातून आलेले. त्या वर्षी गाव किती नाचले असेल याची कल्पना केलेली बरी.

कोणताही शहाणा हिशेबनीस अशा वेळी रोटरी इंजिन बंद करा असेच सांगेल. जनरल मोटर्सने तेच केले. यामामोतोंच्या लोकांनी मात्र पेट्रोलचा खप ४० टक्क्यांनी कमी करण्याचा विडा उचलला आणि १९७८ मध्ये ‘आरएक्स-७’ ही दोन दारांची देखणी गाडी आणली. ती तुफान चालली. पुढच्याच वर्षी फोर्डने माझदात २५ टक्के भागभांडवल घेतले. यामामोतो स्वतः १९८४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. जून १९९१ मध्ये तर फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत माझदाची ‘७८७ बी’ पहिली आली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला होता की बक्षीस घ्यायला त्याला उभेही राहता आले नाही. त्या शर्यतीत या गाडीला पेट्रोल मोजून मिळत असे. पेट्रोल ढोसते म्हणून बदनाम झालेले इंजिन तिथे जिंकावे, यात काव्यगत न्याय आहे खरा.

मालक काय म्हणतात?

शर्यतीतली गाडी रोज दूध आणायला न्यायची नसते. रोटरी घरात आणणाऱ्यांना मात्र तिच्याशी रोजचा संसार करावा लागला आणि तो सोपा नव्हता.

पहिली गोष्ट तेलाची. कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून या इंजिनात थोडे थोडे तेल मुद्दामच आत सोडले जाते आणि ते जळून जाते. म्हणजे तेल संपणे हा बिघाड नव्हे, ती रचनाच आहे. हे ज्याला विकणाऱ्याने समजावून सांगितले, तो डबा जवळ ठेवतो. ज्याला नाही सांगितले, त्याचे इंजिन जाते. काही जुने मालक तर पेट्रोलच्या टाकीतही मोजून तेल घालतात, जुन्या बजाज स्कूटरमध्ये घालत तसे.

दुसरे दुखणे गार इंजिनाचे. गाडी सुरू करून मिनिटभरात बंद केली तर आत साचलेले पेट्रोल भिंतींवरचे तेल धुऊन टाकते, दाब पडतो, आणि मग ती लवकर सुरू होत नाही. अंगणात धुण्यासाठी गाडी काढण्याची भीती वाटते ती यामुळेच. २००३ मध्ये आलेल्या ‘आरएक्स-८’च्या मालकांना हे चांगलेच भोवले. घर ते ऑफिस असा चार-पाच किलोमीटरचा प्रवास करणाऱ्यांसाठी ती गाडी नव्हतीच, पण विकली गेली अशाही लोकांना. इंजिने दाब गमावत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत कंपनीला इंजिनाच्या गाभ्याची हमी वाढवून आठ वर्षे किंवा एक लाख मैल करावी लागली. हे कंपनीने आपणहून आधीच केले असते तर अधिक शोभले असते.

जुनी गाडी घेणाऱ्याची परीक्षा याहून कठीण. साध्या गॅरेजमधल्या दाबमापकावर रोटरीचे खरे दुखणे कळत नाही. तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजणारे खास उपकरण लागते. ते न तपासता घेतलेली स्वस्त गाडी म्हणजे दोनदा दिलेली किंमत, हे अनुभवी मालक नवख्यांना पहिल्यांदा बजावतात.

मग लोक ती घेतात तरी कशाला? उत्तर एकदा ती चालवल्यावर मिळते, असे हे मालक सांगतात. लहानसे इंजिन गाडीच्या पुढच्या आसामागे बसते, त्यामुळे वळणावर गाडी हाताच्या इशाऱ्यासरशी वळते. आरएक्स-८चे इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढते आणि तरी धक्का कसा तो जाणवत नाही. धक्काच नसल्याने चालकाला मर्यादा ओलांडल्याचे कळत नाही, म्हणून कंपनीला आरएक्स-७मध्ये इशाऱ्याची घंटी बसवावी लागली. न्यूझीलंड, पोर्तो रिको अशा एकमेकांपासून दूर बेटांवर आजही जुन्या रोटरींचे वेड आहे. जपानमध्ये तारीखही ठरलेली आहे : सातव्या महिन्याची सात. त्या दिवशी योकोहामाजवळच्या दाइकोकू वाहनतळावर आरएक्स-७वाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात.

माझदाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला गंमत हवी पण डोकेदुखी नको, त्याच्यासाठी कंपनीने १९८९ मध्ये साध्या पिस्टनच्या इंजिनाची, उघड्या टपाची ‘एमएक्स-५’ आणली. २०१६ पर्यंत ती दहा लाख बनली. पहिल्या पिढीच्या या गाड्या म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्या नव्यासारख्या करून देण्याचे काम कंपनीनेच जपानमध्ये हाती घेतले. जुन्या आरएक्स-७चे काही बंद झालेले सुटे भागही तिने २०२० मध्ये पुन्हा बनवायला घेतले.

यामामोतो २०१७ मध्ये ९५ व्या वर्षी वारले. रोटरी असलेली मोटार बनणे २०१२ मध्ये आरएक्स-८बरोबर थांबले होते. ती पुन्हा आली २०२३ मध्ये, ‘एमएक्स-३०’ या विजेवर चालणाऱ्या गाडीत. तिथे ८३० सीसीचे एकच रोटर असलेले इंजिन आहे आणि ते चाकांना जोडलेलेच नाही. बॅटरी उतरली की वीज तयार करायची, एवढेच त्याचे काम. नऊ हजार फेऱ्यांवर प्रेम करणाऱ्या जुन्या मालकांना ते बेचव वाटले तर नवल नाही. कोपऱ्यांवरच्या त्या पट्ट्या मात्र या वेळी अर्ध्या मिलिमीटरने जाड केल्या आहेत, दोनच्या अडीच मिलिमीटर.