चकाकणारा पृष्ठभाग म्हणजेच स्फटिक? इलेक्ट्रॉन काय सांगतात?

भिवंडीच्या यंत्रमागावरचे तलम कापड डोळ्यांसमोर धरून रात्री दूरच्या दिव्याकडे पाहा. प्रकाशाचे ठिपके फुलीसारखे पसरलेले दिसतील. समान अंतरावरच्या धाग्यांमुळे होणारे हे विवर्तन.

स्फटिकात धाग्यांऐवजी अणूंच्या रांगा असतात. त्यांच्यातील अंतर प्रकाशलहरींपेक्षा खूपच कमी, म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत लागतो. तो पृष्ठभागाला जवळपास समांतर सोडला, की फक्त वरच्या थरांची रचना कळते.

घासून चकचकीत केलेल्या स्फटिकावर ही रचना विस्कटते. पडद्यावर धूसर वलये उमटतात. आम्लाने तो थर काढला, म्हणजेच एचिंग केले, की नेटके ठिपके दिसतात.

या तंत्राचे जाणकार आणि १९२२ च्या मोहिमेतील एव्हरेस्टवीर जॉर्ज फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. आज चिपसाठी अणूंचे थर चढवतानाही अशाच ठिपक्यांवर नजर ठेवतात.