उपाशीपोटीचा आकडा

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा आणि बमरोली हा यंत्रमागांचा परिसर आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे या भागात आणि शेजारच्या उधना-लिंबायतमध्ये स्थायिक झाली आहेत. येथील माग रात्रंदिवस चालतात आणि बारा तासांची पाळी ही सर्वसाधारण रीत आहे. अशा वस्तीत आरोग्यतपासणीचे शिबिर भरते, तेव्हा सकाळी बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेतात आणि चिठ्ठीवर एक आकडा लिहून देतात : ९२, १०८, ११८. चिठ्ठी घेऊन घरी जाणाऱ्यांपैकी कोणी भयभीत होतो, तर कोणी ती घडी करून खिशात ठेवतो व विसरून जातो. या दोन्ही गोष्टी अज्ञानातून घडतात. म्हणून या आकड्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रात्रभर काही न खाता सकाळी मोजलेली रक्तातील साखर शंभर मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर ती सामान्य समजतात. ती १२६ किंवा त्याहून अधिक असेल व दुसऱ्या दिवशीच्या तपासणीतही तशीच आढळली, तर मधुमेहाचे निदान होते. या दोहोंमधील, म्हणजे १०० ते १२५ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा होय. जागतिक आरोग्य संघटना या पट्ट्याचा प्रारंभ ११० पासून मानते, तर अमेरिकन मधुमेह संघटनेने २००३ साली तो १०० वर आणला. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. या रेषा माणसाने सोयीसाठी आखलेल्या आहेत. ९९ चा मनुष्य निरोगी आणि १०१ चा रोगी, असा भेद निसर्ग करीत नाही. चढण हळूहळू चढली जाते. रेषा ही केवळ वाटेवरची पाटी.

येथे एक प्रश्न सहज उपस्थित होतो. रात्री आठनंतर पोटात अन्नाचा कण नाही, मग सकाळी साखर वाढली कशी? याचे उत्तर यकृतात आहे. मेंदूला झोपेतही साखर लागते. ती पुरविण्यासाठी यकृत आपल्या साठ्यातून व नव्याने बनवून रात्रभर रक्तात साखर सोडीत असते. पहाटे तीन-चारच्या सुमारास शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते, काही अंतःस्राव वाढतात आणि त्यांच्या प्रभावाने यकृत हात थोडा सैल सोडते. निरोगी मनुष्याचे स्वादुपिंड त्याच वेळी पुरेसे इन्शुलिन देऊन यकृताला आवर घालते. परंतु ज्याच्या शरीरात इन्शुलिनचा अंमल शिथिल झाला आहे, त्याचे यकृत हा लगाम जुमानीत नाही. परिणामी, रात्री झोपतानापेक्षा पहाटे साखर अधिक भरते. सकाळचा आकडा हा आदल्या रात्रीच्या जेवणाचा हिशेब तर खराच, पण त्याहून अधिक तो यकृत आणि इन्शुलिन यांच्या संबंधांचा अहवाल आहे.

अर्थात अहवाल खरा ठरण्यासाठी तो योग्य रीतीने घेतला पाहिजे. उपाशीपोटी याचा अर्थ निदान आठ तास पाण्यावाचून दुसरे काही न घेणे. रातपाळी करून सकाळी थेट शिबिरात आलेल्या कामगाराने मध्यरात्री डबा खाल्लेला असतो, पहाटे साखरेचा चहा घेतलेला असतो आणि डोळ्यास डोळा लागलेला नसतो. त्याच्या आकड्याला उपाशीपोटीचा आकडा म्हणताच येत नाही. अशा कामगाराने सुटीच्या दिवशी, रात्रीची पुरेशी झोप झाल्यावर तपासणी करून घ्यावी. ताप, तीव्र आजार किंवा स्टिरॉइड जातीची औषधे यांमुळेही साखर चढते. बोटाला गूळ, फळ वा मिठाई लागलेली असेल तर यंत्र तीच मोजते. म्हणून हात धुऊन कोरडे करणे आवश्यक. शिवाय या छोट्या यंत्रांत सुमारे पंधरा टक्क्यांची तफावत ग्राह्य धरली जाते. यंत्रावरील ११० हा आकडा प्रयोगशाळेत ९७ निघू शकतो, तसाच १२५ ही निघू शकतो. तात्पर्य, यंत्राने संशय घ्यावा आणि निवाडा प्रयोगशाळेने द्यावा.

प्रयोगशाळेत आणखी दोन साक्षीदार उपलब्ध असतात. पहिला साक्षीदार म्हणजे एचबीएवनसी ही तपासणी. तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था, तर ६.५ पासून मधुमेह. मात्र खानदेशी वाचकांनी येथे सावध असावे. नंदुरबार, धुळे आणि दक्षिण गुजरात येथील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तदोष बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी अल्पायुषी असल्यामुळे हा आकडा फसवा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या अभावाने झालेल्या पांडुरोगात तो वाजवीपेक्षा अधिक दिसू शकतो. तेव्हा असा दोष असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. दुसरा साक्षीदार म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली तपासणी. तीत १४० ते १९९ ही मधुमेहपूर्व अवस्था होय. अनेक भारतीयांत सकाळचा आकडा निर्दोष असूनही या चाचणीत बिघाड उघडकीस येतो.

‘अंगावर मांस नाही, मग मधुमेह कसा होईल?’ असे पुष्कळांना वाटते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाला चांगलाच धक्का दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय देह सडपातळ दिसूनही आतून मेदयुक्त असू शकतो आणि पोटाभोवतीचा हा मेदच इन्शुलिनचा अंमल ढिला करतो. म्हणून वजनकाट्याइतकेच महत्त्व कमरेच्या घेराला आहे.

देशाचे चित्र काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेही सुमारे दहा कोटी, तर मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक साडेतेरा कोटींवर असल्याचे अनुमान निघाले. तथापि या साडेतेरा कोटींच्या कपाळी मधुमेह लिहिलेलाच आहे, असे नव्हे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण सल्ल्यावर राहिलेल्या गटात तीन वर्षांत शेकडा ५५ जणांना मधुमेह झाला. आहार व व्यायामाचे मार्गदर्शन सातत्याने लाभलेल्या गटात हे प्रमाण शेकडा ३९ वर आले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटातही फळ जवळपास तेवढेच मिळाले. म्हणजे चालणे आणि खाणे यांतील सुधारणा औषधाच्या तोडीस तोड ठरली.

ही सुधारणा खर्चिक नाही. रातपाळीत सहा कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असा हिशेब केला, तर पन्नास-साठ ग्रॅम साखर केवळ चहातूनच पोटात जाते. ती निम्म्यावर आणणे हे पहिले पाऊल. शेव, फाफडा व तळलेले पदार्थ नेमाचे न ठेवता प्रसंगाचे ठेवावेत. ज्वारी-बाजरीची भाकरी माफक घ्यावी आणि तिच्या जोडीला डाळ, उसळ व पालेभाजी भरपूर असावी. मागाजवळ तासन्‌तास उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. दररोज अर्धा तास भरभर चालावे. वजन अधिक असल्यास त्यात शेकडा पाच ते सातची घट पुरेशी उपकारक ठरते. झोपेची उधारी करू नये. अपुऱ्या झोपेने इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. तंबाखूही सोडावी.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, आणि आई-वडिलांना मधुमेह असल्यास वा गरोदरपणी साखर वाढली असल्यास त्याआधीही, तपासणी करून घ्यावी. मधुमेहपूर्व अवस्था आढळल्यास ती दरवर्षी करावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील व्यक्तींसाठी तिची सोय आहे. सतत तहान, वारंवार लघवी, कारणाविना घटणारे वजन किंवा न भरणारी जखम अशी लक्षणे असतील, तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

मधुमेहपूर्व अवस्था बहुधा दुखत नाही, खुपत नाही; म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. घरातील एका कमावत्या माणसाचे डोळे, मूत्रपिंडे वा पाय मधुमेहाने निकामी झाले, तर परमुलखात उभारलेला संसार कोलमडतो. हे संकट येण्यापूर्वी वर्षानुवर्षे आधी मिळणारी सूचना म्हणजे हा सकाळचा आकडा. शिबिरातील ती चिठ्ठी खिशात विसरण्याजोगी नाही. ती जपून ठेवावी, पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीशी ताडून पाहावी आणि आकडा चढता असेल, तर आपली पावले वेळीच वळवावीत.