प्रवचन मोबाइलवर आले, भाकर नाही

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये इंग्लंडमधील चर्च बंद झाली. १२ एप्रिलच्या ईस्टरला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी चक्क आपल्या स्वयंपाकघरातून उपासना घेतली. दोनच दिवसांनी आपणही भीमजयंती घरातच साजरी केली.

प्रवचन, गाणी, प्रार्थना सगळे पडद्यावर आले. अडले ते प्रभुभोजनापाशी. आशीर्वादित भाकर आणि द्राक्षारस एकत्र जमून वाटून घेणे हा या उपासनेचा गाभा. मग घरी मोबाइलसमोर ठेवलेली भाकर ऑनलाइन आशीर्वादित होते का? चर्च ऑफ इंग्लंडने तसे करू नका, मनाने सहभागी व्हा, असे सांगितले. अमेरिकेतील एका मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चने मात्र संकटकाळापुरती मुभा दिली. धर्मशास्त्राचा हा वाद अजून मिटलेला नाही.

आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांच्यासाठी त्याच एप्रिलमध्ये ‘डेली होप’ ही मोफत फोनसेवा सुरू झाली. साध्या फोनवरून नंबर लावायचा आणि प्रार्थना, गाणी ऐकायची. आपण जयंतीच्या व्याख्यानांच्या लिंक व्हॉट्सॲपवर फिरवत होतो, तेव्हा बटणांचा फोन वापरणाऱ्या वस्तीतल्या आजींचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला होता?