रक्ताची पिशवी आणि तपासणारे हात

मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर ग्रामीण रुग्णालयातून तिला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात आणि प्रसंगी नाशिकपर्यंत न्यावे लागते. पावसाळ्यातला घाटरस्ता असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी नातेवाईक एकच विचारतात, 'रक्त मिळेल का?' ते रक्त तिला चालेल याची खात्री कोण करतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

लहान रुग्णालयातील रक्तसाठवण केंद्र दात्यांचे रक्त घेत नाही. मोठ्या रक्तपेढीने तपासलेल्या पिशव्या तेथे २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. रुग्णाचा गट ठरवणे आणि रक्ताची जुळणी पाहणे हे काम मात्र तिथल्याच तंत्रज्ञाचे, आणि रात्री तो बहुधा एकटाच असतो. मोठ्या शहरात दिवसाला अनेक जुळण्या होतात, हात सरावलेला राहतो. जिथे आठवड्याला दोन-चारच होतात तिथे शिकलेलेही विसरते. म्हणून एकदा प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र भिंतीवर लावले की भागत नाही. लहान केंद्रालाच देखरेखीची गरज अधिक!

एक उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला. नेहमीच्या तपासणीत हा गट हुबेहूब 'ओ' दिसतो. पण अशा रुग्णाला 'ओ' रक्त दिले तर जिवावर बेतते. रक्तपेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी केली की फरक कळतो. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. गट दुर्मिळ खरा, पण पायरी गाळायची सवय दुर्मिळ नसते.

चांगला पर्यवेक्षक मग काय करतो? उत्तर आधीच माहीत असलेले नमुने अधूनमधून तंत्रज्ञाला तपासायला देतो. गट ठरवण्याचे द्रव रोज ज्ञात पेशींवर तपासले का, ते पाहतो. तापमानाची वही उघडतो. सलग महिनाभर 'चार, चार, चार' असे एकाच शाईत लिहिलेले दिसले, की ती वही शीतकपाटाजवळ नव्हे तर खुर्चीत बसून भरली आहे हे त्याला कळते. वीज गेली तेव्हा काय केले, हेही तो विचारतो. आणि चूक सांगणाऱ्यावर खेकसत नाही. खेकसला, तर पुढची चूक त्याच्या कानावर येणारच नाही.

तरीही जीवघेणी गफलत पुष्कळदा प्रयोगशाळेबाहेर, नावात होते. आपल्याकडे एकाच पाड्यावर एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका सहज सापडतात, वयही अंदाजाने सांगितलेले. म्हणून नमुन्याच्या नळीवर नाव व नोंदणी क्रमांक रुग्णाच्या खाटेपाशीच लिहायचा, आणि पिशवी लावण्यापूर्वी दोघांनी तो ताडून पाहायचा.

इथे वाचकांचाही हातभार लागतो. परिचारिकेने 'तुम्ही अमुकच ना?' असे विचारले तर नुसते 'हो' म्हणू नका. नाव, नवऱ्याचे वा वडिलांचे नाव आणि पाडा पूर्ण सांगा. पूर्वी रक्त दिले होते का, घरात सिकलसेल आहे का, तेही सांगा. रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलू नका. थंडी वाजली, कंबर दुखू लागली, दम लागला, लघवी लाल झाली तर लगेच हाक मारा. पिशवी तत्काळ थांबवली जाते आणि ती फेकून न देता तपासणीसाठी परत पाठवली जाते.